वेल्डरचा खांदा आणि कामाची उंची

लखनौ शहरात हजरतगंजच्या रस्त्यावर संध्याकाळी सहज फेरफटका मारण्याला 'गंजिंग' असा एक खास शब्द आहे. नवाबी अमदानीत वसलेल्या या पेठेला दोनशे वर्षे पूर्ण झाल्याचे निमित्त करून २०१० साली तिचा कायापालट करण्यात आला. दुकानांच्या दर्शनी बाजूंना एकसारखा रंग चढला, पाट्या एका नमुन्याच्या झाल्या, जुन्या धाटणीचे दिव्याचे खांब आणि बाके आली. ८ मार्च २०१९ पासून याच रस्त्याखालून मेट्रो धावू लागली. फिरायला येणाऱ्याच्या नजरेला हे सारे सुखावते. परंतु खांब, कठडा, जाळी, सरकते दार, भुयारी स्थानकातील पोलादी सांगाडा यांच्या अंगावर कोठे ना कोठे सांध्याची एक उंचवटलेली रेघ असते आणि त्या रेघेमागे एक माणूस असतो. ती रेघ ओढताना तो जमिनीवर उकिडवा बसलेला असतो, किंवा परांचीवर उभा राहून, मान मागे टाकून, हात डोक्याच्या वर धरून काम करीत असतो. त्या माणसाच्या खांद्याचे, मानेचे, कमरेचे आणि गुडघ्याचे काय होते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

मराठी माणसाला लखनौ ठाऊक असते ते बहुधा पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यामुळे. हजरतगंजपासून जवळच, कैसरबागेत, त्यांनी १९२६ साली सुरू केलेल्या संगीत महाविद्यालयाची परंपरा नांदते. तेथे तबला शिकणारा विद्यार्थी पहिल्या दिवशी काय शिकतो? तबल्याखालची चुंबळ हवी तशी कलती करून घ्यावी, वाद्य अंगापासून किती दूर ठेवायचे ते ठरवावे, आणि मगच बोल काढावा. वाद्याने शरीराशी जुळवून घ्यायचे, शरीराने वाद्याशी नव्हे, हा त्या विद्येचा पहिला धडा होय. तेथून थोड्या अंतरावरच्या एखाद्या गाळ्यात वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाला मात्र बरोबर उलटा धडा मिळतो. लोखंड जमिनीवर पडले असेल तर त्याने जमिनीपर्यंत वाकावे. लोखंड छताला असेल तर त्याने छताकडे हात उंच करावेत. लोखंड हलत नाही, माणूस हलतो. या एका रीतीतून जे दुखणे जन्माला येते त्याला पुढे 'वयोमान' असे नाव दिले जाते.

श्रमिकांचे लखनौ

लखनौ म्हणजे नवाबांचे, चिकनकारीचे आणि अदबीचे शहर, ही ओळख अर्धीच आहे. चारबागचा इंजिन कारखाना आणि आलमबागचा डब्यांचा कारखाना यांनी रेल्वे कामगारांच्या अनेक पिढ्या या शहरात घडविल्या. उत्तर रेल्वेच्या लखनौ विभागाचे मुख्य कार्यालय हजरतगंजातच आहे. मानकनगरला रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संघटना १९५७ साली स्थापन झाली. १९७२ साली स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडिया या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यातून 'विजय सुपर' स्कूटर आणि 'विक्रम' ही तीनचाकी गाडी देशभर गेली. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२१ साली घेतला. हजरतगंजला लागून लालबाग नावाचा भाग आहे. नाव ऐकून मुंबईकराला गिरण्यांची आठवण होईल. लखनौच्या लालबागेत मात्र मोटारींचे सुटे भाग आणि दुरुस्ती यांचा व्यवसाय चालतो. या सर्व ठिकाणी वेल्डर आहे. मोठ्या कारखान्यात तो कायम कामगार आहे, ठेकेदाराकडे तो रोजंदारीवर आहे, गाळ्यात तो 'मिस्त्री' आहे. हुद्दे निरनिराळे असले तरी खांदा एकच आहे.

सांधा कसा असावा याची मानके फार काटेकोर असतात. पत्र्याची जाडी, कांडीचा प्रकार, विजेचा प्रवाह, फटीचे अंतर, सारे आराखड्यावर नोंदलेले असते आणि सांधा त्या मापात बसला नाही तर तो नापास होतो. त्याच सांध्यासाठी वेल्डरची पाठ किती अंशांत वाकेल, हात खांद्याच्या वर किती मिनिटे राहील, हे मात्र आराखड्यावर सहसा लिहिलेले नसते. लोखंडाचे मानक आहे. लोखंड जोडणाऱ्याचे नाही. या विसंगतीला कोणताही तांत्रिक आधार नाही. तिचा आधार एवढाच की सांधा नापास झाला तर खर्च मालकावर पडतो आणि खांदा नापास झाला तर तो कामगाराच्या घरावर पडतो.

ताण कसा साठतो

वेल्डिंगच्या कामात वजन फारसे उचलावे लागत नाही, तेव्हा दुखणे कसले, असा प्रश्न पर्यवेक्षक अनेकदा विचारतो. त्याचे उत्तर साध्या तरफेच्या गणितात आहे. साठ किलो वजनाच्या माणसाचा एक हात सुमारे तीन किलोचा असतो. हात आडवा लांब केला की त्याचे वजन खांद्यापासून साधारण तीस सेंटिमीटरवर एकवटते असे धरता येईल. होल्डर आणि त्याला लोंबणारी केबल मिळून दीड किलो, आणि ते खांद्यापासून साठ सेंटिमीटरवर. पहिल्याचा गुणाकार नव्वद, दुसऱ्याचाही नव्वद, एकूण एकशे ऐंशी. आता खांद्याचा स्नायू हाडाला सांध्याच्या अगदी जवळ, सुमारे तीन सेंटिमीटरच्या तरफेने ओढतो. एकशे ऐंशीला तीनाने भागले की साठ येतात. म्हणजे दीड किलोचे हत्यार धरण्यासाठी त्या स्नायूला साठ किलोंची ओढ द्यावी लागते. हा माणूस आपल्या सबंध देहाइतके वजन एका खांद्याच्या स्नायूवर तोलून धरतो आणि बघणाऱ्याला वाटते की तो नुसता उभा आहे.

आता त्याच माणसाची केबल वरच्या आकड्याला टांगा, म्हणजे हातात फक्त होल्डरचे अर्धा किलो वजन उरेल. काम जवळ आणा, म्हणजे कोपर अंगाशी येईल. हाताचे वजन पंधरा सेंटिमीटरवर, होल्डर तीस सेंटिमीटरवर. पंचेचाळीस अधिक पंधरा, एकूण साठ; भागिले तीन, म्हणजे वीस किलो. सांधा तोच, कांडी तीच, कारागीर तोच. ओढ मात्र एक तृतीयांशावर आली. त्यासाठी लागले काय? एक आकडा, एक दोरी आणि योग्य उंचीचे एक टेबल.

दुसरी गोष्ट स्थिर ताणाची. हातोडा मारणाऱ्याचा स्नायू आवळतो आणि सुटतो. प्रत्येक सुटण्याबरोबर त्यात ताजे रक्त येते. कांडी स्थिर धरणाऱ्या वेल्डरचा स्नायू आवळलेलाच राहतो. आवळलेल्या स्नायूतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पोहोचतो, थकव्याची द्रव्ये तेथेच साचतात. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर रोमर्ट यांनी १९६० साली या गोष्टीचे मोजमाप मांडले. पूर्ण ताकदीच्या निम्म्या जोराने स्नायू आवळून धरला तर तो सुमारे एका मिनिटात थकतो. दीर्घकाळ धरून ठेवता येईल अशी मर्यादा त्यांनी पंधरा टक्क्यांच्या आसपास सांगितली होती, आणि नंतरच्या संशोधनाने ती मर्यादाही फार उदार असल्याचे दाखवून दिले. डोक्यावरच्या सांधणीत आणखी एक भर पडते. हात वर गेला की खांद्याच्या हाडाखालच्या अरुंद फटीतून जाणारा स्नायुबंध चेपला जातो. रोज चेपला गेलेला हा बंध सुजतो, झिजतो आणि एक दिवस फाटतो. चाळिशीतला वेल्डर सदरा डोक्यावरून काढू शकत नाही, तेव्हा त्याच्या खांद्यात पंधरा वर्षांचा हिशेब साठलेला असतो.

मानेचा हिशेब निराळा. दोन्ही हात कामात गुंतले की शिरस्त्राण खाली पाडण्यासाठी वेल्डर मानेला झटका देतो. ताशी पंधरा कांड्या धरल्या तरी आठ तासांत एकशेवीस झटके होतात. टाके घालण्याच्या कामात ते कितीतरी वाढतात. कमरेचा आणि गुडघ्याचा हिशेब गाळ्यातल्या जमिनीवर लिहिला जातो. खिडकीची जाळी जमिनीवर ठेवून, एका हातात होल्डर व दुसऱ्या हातात काळ्या काचेची ढाल घेऊन उकिडवे बसायचे. हात टेकायला जागा नाही, पाठीला आधार नाही. भारतीय माणसाला उकिडवे बसण्याची सवय असते, असे सांगून हा प्रश्न उडवून लावला जातो. सवय असणे आणि दिवसाचे सहा-सात तास, आठवड्याचे सहा दिवस, वर्षानुवर्षे तसे बसून काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाकलेल्या पाठीचा फुप्फुसाशीही संबंध आहे. सांध्यावर वाकलेला वेल्डर धुराच्या लोटातच नाक घालून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले. लखनौच्या महात्मा गांधी मार्गावर १९६५ साली प्राध्यापक सिब्ते हसन झैदी यांच्या नेतृत्वाखाली औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र सुरू झाले. आज ती भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था आहे. कारखान्यातील धूळ आणि विषारी द्रव्ये कामगाराच्या शरीरात काय करतात, याचा अभ्यास या देशात सरकारी खर्चाने व्हावा, ही दृष्टी त्या स्थापनेमागे होती. ताणाचा प्रश्न त्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे. काम कमरेच्या वर आले की पाठ सरळ होते, आणि पाठ सरळ झाली की चेहरा धुराबाहेर येतो. एका उपायाने दोन रोग दूर राहतात.

दोष माणसाचा की कामाचा

हे ज्ञान नवे नाही. इटलीतील मोडेना येथे बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तुझा धंदा कोणता?' हेही विचारा, असा उपदेश त्याने वैद्यांना केला, आणि वेड्यावाकड्या अंगस्थितीतून व बेताल हालचालींतून रोग कसे उत्पन्न होतात तेही नोंदविले. १८५७ साली पोलंडच्या वोइचेख यास्त्शेंबोव्स्की याने या विद्येला 'अर्गॉनॉमिक्स' हे नाव दिले. काम माणसाच्या शरीराशी व मनाशी जुळवून घेण्याचे शास्त्र, असा त्याचा आज रूढ असलेला अर्थ आहे.

याच शास्त्राची दुसरी, उलटी वाट अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने काढली. १९११ साली त्याचे 'वैज्ञानिक व्यवस्थापन' पुस्तकरूपाने आले. फावड्यात एका खेपेस सुमारे साडेएकवीस पौंड माल असावा, असे टेलरने प्रयोगांनी ठरविले. हे ज्ञान खोटे नव्हते. पण ते कशासाठी वापरले गेले? कामगाराचा थकवा कमी झाल्यावर वाचलेली शक्ती त्याच्या पदरात पडली नाही, ती अधिक टन माल उपसण्यात खर्ची पडली. यातून श्रमिक चळवळीने एक धडा घ्यावयाचा आहे. टेबलाची उंची सुधारली आणि त्याच दिवशी नगांचा कोटा वाढवला, तर खांद्याला मिळालेला विसावा मालकाने परत काढून घेतला असे होईल. म्हणून कामाची रचना आणि कामाचा वेग हे दोन प्रश्न एकत्रच मांडले पाहिजेत.

गेल्या शतकाच्या आठव्या दशकात स्वीडनमधील गॉथेनबर्गच्या गोदीत पीटर हेर्बर्ट्स आणि रोलंड काडेफोर्स या संशोधकांनी वेल्डरांच्या खांद्यांचा अभ्यास केला. त्यांचा एक प्रबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. स्नायूंतील विद्युत्‌-संकेत मोजून त्यांनी दाखविले की हात वर धरून केलेल्या कामात खांद्याचा ठराविक स्नायू झपाट्याने थकतो, आणि अनुभवी वेल्डरांचा खांदादेखील या थकव्यापासून सुटत नाही. याचा अर्थ असा की कौशल्य हे ढाल नव्हे. फिनलंडमध्ये ओवाको या पोलाद कंपनीत त्याच दशकात कामातील अंगस्थिती नोंदण्याची एक सोपी पद्धत तयार झाली: पाठ, हात, पाय आणि भार यांची ठराविक वेळाने नोंद घ्यायची आणि कोणती स्थिती ताबडतोब बदलली पाहिजे ते ठरवायचे. तिला कागद, पेन्सिल आणि डोळे एवढेच साहित्य लागते.

भारतातही या विद्येची साधने आहेत. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे. पवईची राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी संस्था १९६३ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने उभी राहिली. २०२३ पासून ती भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई, या नावाने ओळखली जाते. प्रश्न ज्ञानाच्या अभावाचा नाही. ज्ञान संस्थेच्या फाटकातून गाळ्याच्या दारापर्यंत येत नाही, हा प्रश्न आहे.

उपाय: लोखंड हलवा, माणूस नव्हे

पहिला उपाय सर्वांत परिणामकारक आहे: काम फिरवा. जड नग पोझिशनरवर, फिरत्या रोलरवर किंवा कलत्या चौकटीवर बसविला की डोक्यावरचा सांधा समोर येतो आणि उभा सांधा आडवा होतो. यात मालकाचे नुकसानही नाही. आडव्या सांधणीत जाड कांडी वापरता येते, धातू लवकर भरतो, दोष कमी राहतात. जेथे नग फिरवता येत नाही, उदाहरणार्थ पुलाखाली किंवा भुयारी स्थानकात, तेथे माणसाला वर न्यावे. परांचीची फळी अशा उंचीवर बांधावी की सांधा छातीसमोर येईल. फळी एक हात वर घ्यायला लागणारा अर्धा तास वाचविण्यासाठी माणसाने दिवसभर हात उंच ठेवावेत, हा हिशेब आतबट्ट्याचा आहे.

दुसरा उपाय उंचीचा. उभ्याने करावयाच्या कामात सांधा कोपराच्या पातळीच्या आसपास असावा. सर्व माणसे एका उंचीची नसतात, म्हणून टेबल वर-खाली होणारे असावे. ते शक्य नसेल तर उंच माणसासाठी टेबलाखाली ठोकळे आणि बुटक्यासाठी पायाखाली फळी, एवढी सोय कोणत्याही कारखान्यात होऊ शकते. कोपर टेकायला आधार असला तर खांद्याचा भार आणखी उतरतो.

तिसरा उपाय हत्याराचा. केबल वरून टांगावी, शक्य तेथे हलकी व लवचीक केबल द्यावी. आपोआप काळी होणाऱ्या काचेचे हलके शिरस्त्राण दिले की मानेचा झटका थांबतो आणि ढाल धरणारा हातही मोकळा होतो. उकिडवे बसणे टळतच नसेल तेथे वीतभर उंचीचे ठेंगणे आसन व गुडघ्याला गादी द्यावी.

चौथा उपाय वेळेचा. लांबलचक एका सुट्टीपेक्षा थोड्या थोड्या वेळाने मिळणारा लहान विसावा स्थिर ताणावर अधिक गुणकारी ठरतो. कामाची पाळी बदलावी. पण बदल खरा असावा. वेल्डिंगवरून काढून त्याच माणसाला ग्राइंडरवर बसविले तर तेच हात आता कंपनाने झिजतील. आखणी, जुळणी, तपासणी अशा निराळे स्नायू वापरणाऱ्या कामांशी अदलाबदल हवी.

आणि एक खोटा उपाय ओळखून ठेवला पाहिजे. कमरेला पट्टा बांधा, व्यायाम करा, मलम लावा, एवढे सांगून मोकळे होण्याची रीत वाढत आहे. धडधाकट कामगाराला कमरेच्या पट्ट्याने दुखापतीपासून संरक्षण मिळते याला पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सरकारी व्यावसायिक आरोग्य संस्थेनेच १९९४ साली काढला होता. व्यायाम चांगलाच, परंतु व्यायामाने टेबल उंच होत नाही.

लहान गाळा

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. पोझिशनर मोठ्या कारखान्याला परवडेल. लालबागेतील किंवा पुण्या-कोल्हापुरातील गाळेवाल्याचे काय? तो स्वतःच अर्धा कामगार असतो, आणि कित्येकदा सर्वांत जास्त वाकलेली पाठ त्याचीच असते. त्याला उत्तर असे की वेल्डरच्या गाळ्यात लोखंडी घोडी बनविण्यासाठी लागणारे सर्व काही आधीपासून हजर असते. भंगारातील चार अँगल, दोन आडव्या पट्ट्या आणि एका दिवसाचे काम यांतून कमरेइतक्या उंचीची घोड्यांची जोडी उभी राहते. दुसऱ्यांच्या घराला दार, खिडकी आणि जिना बनवून देणाऱ्या कारागिराने स्वतःच्या कामासाठी टेबल बनविलेले नसते, याचे कारण दारिद्र्य एवढेच नाही. आपल्या शरीराला काही किंमत आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो. कांडी कोणत्या कोनात धरावी हे जेथे शिकविले जाते, तेथेच पाठ कोणत्या कोनात ठेवावी हेही शिकविले जावे, ही मागणी अवाजवी नव्हे.

कायद्याचे दार

१९४८ च्या कारखाने कायद्यात अतिरिक्त वजन उचलण्यास मनाई करणारे ३४ वे कलम होते, आणि उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून आसनांची तरतूद सांगणारे ४४ वे कलम होते. हा कायदा आता राहिलेला नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२०, ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिने जुन्या कायद्याची जागा घेतली. नव्या संहितेत दुखापत वा व्यवसायजन्य रोग होईल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवण्याचे कर्तव्य मालकावर आहे. आरोग्य तपासणीची तरतूदही आहे. परंतु वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या पूर्वी दहा कामगारांपासून सुरू होत होती, ती आता वीस कामगारांपासून सुरू होते. बारा-पंधरा वेल्डरांचे असंख्य कारखाने या एका आकड्याने कारखाना या व्याख्येच्या बाहेर गेले. आणि कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या अनुसूचीत सिलिकोसिस आहे, शिशाची विषबाधा आहे, बहिरेपण आहे. ताणातून होणाऱ्या स्नायू-सांध्यांच्या विकारांना तेथे जागा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या सुधारित यादीत मात्र या विकारांचा स्वतंत्र गट आहे.

यादीत नसण्याचा परिणाम काय होतो? हात तुटला तर तारीख असते, साक्षीदार असतो, अपघाताच्या वहीत नोंद असते. खांदा झिजला तर तारीख नसते. नोंद नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून प्रश्न नाही, प्रश्न नाही म्हणून भरपाई नाही. राज्य विमा योजनेचा प्रारंभ लखनौच्या शेजारच्या कानपुरात आणि दिल्लीत २४ फेब्रुवारी १९५२ रोजी झाला. विमा दवाखान्यात जाणाऱ्या वेल्डरला गोळ्या मिळतात. पण रामाझिनीने सांगितलेला प्रश्न त्याला विचारला जाईलच असे नाही.

शरीराच्या स्थितीसारखी 'किरकोळ' बाब कायद्यात येऊ शकते काय? येऊ शकते. हजरतगंजमधील भपकेदार दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या विक्रेत्याचे दुखणे वेल्डरच्या दुखण्याचेच भावंड आहे. केरळात दुकानांतील स्त्री कामगारांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ साली तेथील दुकाने कायद्यात दुरुस्ती झाली. तमिळनाडूने २०२१ साली तशीच दुरुस्ती केली. एक स्टूल कायद्यात आले, कारण ते मागणाऱ्या स्त्रिया संघटित होत्या. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० च्या जूनपासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली, तीदेखील मुळात थकलेल्या देहाचीच मागणी होती.

दुखणे कोणी मोजायचे

इटलीतील तुरिन शहरात मोटार कारखान्यांच्या कामगारांबरोबर इवार ओद्दोने नावाचा डॉक्टर १९६० नंतरच्या वर्षांत काम करीत होता. फॅसिझमविरुद्धच्या सशस्त्र लढ्यात भाग घेतलेला हा माणूस पुढे कामगारांचा डॉक्टर झाला. त्याची पद्धत सरळ होती. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या कामगारांचा गट एकत्र बसे, आपल्या विभागाचा नकाशा काढी आणि कोठे काय दुखते, कशामुळे दुखते, ते त्यावर नोंदवी. सर्वांच्या अनुभवाला जे पटेल ते ज्ञान म्हणून स्वीकारले जाई. डॉक्टर व अभियंता ते तपासून पुढे नेत. आरोग्याचा प्रश्न दुसऱ्यावर सोपवायचा नाही, हे त्या चळवळीचे सूत्र होते. २० मे १९७० च्या इटालियन कामगार सनदेच्या ९ व्या कलमाने कामगारांच्या प्रतिनिधींना आरोग्यविषयक नियमांच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्याचा हक्क दिला.

हे काम चारबागमध्ये, माझगावच्या गोदीत, पिंपरीच्या शेडमध्ये किंवा कोल्हापूरच्या गाळ्यात उद्या सकाळी सुरू होऊ शकते. एका मोठ्या कागदावर माणसाची आकृती काढावी, पुढून आणि मागून. प्रत्येक वेल्डरने जेथे दुखते तेथे एक ठिपका द्यावा. नाव लिहू नये, म्हणजे नोकरी जाण्याची भीती राहणार नाही. वीस माणसांपैकी चौदांचे ठिपके उजव्या खांद्यावर पडले, तर ते चौदा म्हातारे नाहीत आणि आळशीही नाहीत. त्या शेडमधील टेबल चुकीचे आहे. वैयक्तिक तक्रारीचे सामूहिक पुराव्यात रूपांतर होते ते या क्षणी. सुरक्षा समितीपुढे, व्यवस्थापनापुढे आणि निरीक्षकापुढे हा कागद ठेवता येतो.

त्या कागदाबरोबर मागण्याही स्पष्ट असाव्यात. प्रत्येक वेल्डिंग जागेवर उंची बदलता येणारी सोय आणि टांगती केबल. आपोआप काळ्या होणाऱ्या काचेची शिरस्त्राणे, ठेकेदाराच्या कामगारांसह सर्वांना. डोक्यावरच्या कामाला वेळेची मर्यादा आणि पगारी विसावा. या सुधारणांच्या नावाखाली कोटा न वाढविण्याचा लेखी करार. अनुसूचीत स्नायू-सांध्यांच्या विकारांचा समावेश. लहान गाळ्यांना साधनांसाठी स्वस्त कर्ज. आणि प्रशिक्षण संस्थांतून अंगस्थितीचे शिक्षण. यांपैकी पहिल्या दोन मागण्या मंजूर व्हायला संसदेची गरज नाही; कारखान्याच्या फाटकावर एकजूट असली की पुरते.

मित्रहो, हजरतगंजमधून संध्याकाळी फिरणारा माणूस कठड्यावर हात टेकून दोन क्षण उभा राहतो, कारण तो कठडा त्याच्या हाताला येईल अशा उंचीवर बसविलेला असतो. फिरणाऱ्याच्या सोयीची उंची कोणीतरी आधी मोजली होती. तो कठडा जोडणाऱ्याच्या सोयीची उंचीही तशीच मोजता येते. त्याला लागते ती एक मोजपट्टी, आणि ती हातात धरून 'हे टेबल वर घ्या' असे म्हणणारे संघटित कामगार.